सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही: जुन्या गाडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग) असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आहेत. सुरुवातीच्या काळातल्या इंजेक्शनच्या गाड्या (ज्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल फवारतो) आणि डिझेल यांचे प्रश्न पुढे वेगळे घेतले आहेत. जुनी गाडी अडून बसली की नवे प्लग, नवी कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी), नवा पंप असे पार्ट बदलण्याचा सपाटा सुरू होतो आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच उभी राहते. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की आधी इंजिनाला नेमकं काय मिळत नाहीये ते शोधा आणि मगच पान्हा उचला.

माझी गाडी किल्ली फिरवल्यावर नुसती 'टक्' करते. हे सगळं तिलाही लागू आहे का?

नाही. नुसतं 'टक्' किंवा 'टकटकटक' होत असेल तर इंजिन फिरतच नाहीये. दोष बॅटरीत, टर्मिनलवर, अर्थिंगच्या जाड वायरीत किंवा खुद्द स्टार्टर मोटरमध्ये आहे. इथे आपण बोलतोय ते अशा गाडीबद्दल, जिचं इंजिन सेल्फवर एका लयीत फिरत राहतं पण पेट घेत नाही.

सेल्फ फिरतोय, म्हणजे निम्मं काम झालंच ना? मग अडतं कुठे?

सेल्फ फक्त इंजिन फिरवतो, मिनिटाला साधारण दोनशे फेरे. पुढचं इंजिनाने स्वतः करायचं असतं. त्यासाठी सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं जमलेलं मिश्रण लागतं, ते दाबलं जावं लागतं, आणि नेमक्या क्षणी जोरकस स्पार्क पडावा लागतो. म्हणजे स्पार्क, पेट्रोल, कॉम्प्रेशन आणि टायमिंग. यातली एक गोष्ट जरी गळाली तरी तुम्ही दिवसभर सेल्फ मारलात तरी उपयोग नाही. चारपैकी कोणती गळाली हे दहा-पंधरा मिनिटांत कळू शकतं.

बॉनेट उघडण्याआधी काय बघू?

आधी टाकीत पेट्रोल आहे का ते. जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. टाकीतला फ्लोट अडकला की काटा पाव टाकी दाखवत राहतो आणि टाकी कोरडी असते. शंका असेल तर दोन-तीन लिटर ताजं पेट्रोल ओता.

गाडीत चोरी रोखणारं इमोबिलायझर किंवा बाहेरून बसवलेला अलार्म असेल तर डॅशबोर्डवरचा त्याचा दिवा बघा. किल्ली ऑन केल्यावरही तो भराभर लुकलुकत असेल तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून बघा. आधीच्या मालकाने कुठेतरी छुपा स्विच बसवला आहे का, हेही विचारून ठेवा. असा स्विच गुडघा लागून बंद झाला आणि दोन दिवस गाडीची चिरफाड झाली, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मग नाकाचा उपयोग करा. आठ-दहा सेकंद सेल्फ मारल्यावर सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येतोय का? येत असेल तर पेट्रोल पोचतंय आणि जळत नाहीये, म्हणून आधी स्पार्ककडे वळा. वास अजिबात नसेल तर आधी पेट्रोलकडे.

एका वेळी किती वेळ सेल्फ मारावा?

दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धं ते एक मिनिट थांबा. स्टार्टर मोटर शेकडो अँपिअर करंट ओढते आणि पटकन तापते. शिवाय प्रत्येक प्रयत्नात न जळलेलं पेट्रोल सिलिंडरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचत जातं. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा भाग) असेल तर हे साचलेलं पेट्रोल नंतर तिथे जळून तो खराब करतं.

बॅटरी सेल्फ फिरवतेय, म्हणजे ती चांगली आहे असं धरू का?

धरू नका. अर्धवट उतरलेली बॅटरी सेल्फ फिरवते खरी, पण सगळी ताकद तिथेच खर्च होते आणि कॉइलला पुरेसं व्होल्टेज उरत नाही. स्पार्क इतका मलूल पडतो की दाबाखालचं मिश्रण पेटत नाही. मल्टिमीटर बॅटरीच्या खांबांवर लावा. गाडी काही तास उभी असेल तर पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. फिरताना काटा ९.६ च्या खाली जात असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी बॅटरी चार्ज करा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमली असेल तर ती काढून घासून घट्ट बसवा. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही हाताने हलवून बघा. जुन्या गाड्यांमध्ये ती गंजून दोन-चार तारांवर लोंबत असते.

सेल्फच्या आवाजावरून काही कळतं का?

पुष्कळ. निरोगी चार सिलिंडर इंजिन सेल्फवर फिरताना आवाजात चढउतार असतो, कारण प्रत्येक सिलिंडर दाबाला आला की मोटर किंचित अडखळते. ही लय सारखी असली पाहिजे. एखादाच ठोका हलका पडत असेल तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं आहे.

आणि एक दिवस अचानक इंजिन नेहमीपेक्षा भराभर, शिलाई मशीनसारखं सपाट आवाजात फिरू लागलं, तर तिथल्या तिथे थांबा. टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटल्याची ती खूण असू शकते. व्हॉल्व्ह हलत नाहीत, दाब तयार होत नाही, म्हणून मोटरला अडथळाच उरत नाही. अनेक इंजिनांत अशा वेळी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. प्रत्येक नवा प्रयत्न म्हणजे आणखी एक वाकडा व्हॉल्व्ह.

खात्री करणं सोपं आहे. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा आणि कोणाला तरी क्षणभर सेल्फ मारायला सांगा. आतला रोटर फिरला पाहिजे. ज्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालतो, तिथे रोटर जागचा हलला नाही तर बेल्ट, चेन किंवा गिअर गेली. डिस्ट्रिब्युटर नसेल तर ऑइल ओतायचं झाकण उघडून आत कॅम किंवा रॉकर हलतोय का बघा.

स्पार्क येतोय की नाही हे घरी कसं बघायचं?

आधी काळजी. जुन्या कॉइलमधूनही पंधरा-वीस हजार व्होल्ट निघतात, इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये चाळीस हजारांपर्यंत. वायर हातात धरून बघायची नाही, धरायचीच असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या चिमट्याने. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी चालू इग्निशनपासून लांब राहावं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि आसपास पेट्रोल सांडलेलं किंवा गळत असेल तर ही चाचणी करायचीच नाही.

एक प्लग काढा. प्लगच्या भोकापाशी स्पार्क पाडायचा नाही. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. प्लग एचटी वायरीच्या (प्लगला जाणाऱ्या जाड, हाय टेन्शन वायरीच्या) टोपीत घाला आणि त्याचा धातूचा भाग भोकापासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवून ठेवा. रंग लावलेल्या जागी नको, तिथे अर्थ मिळत नाही. सावलीत उभे राहा म्हणजे नीट दिसेल. आता सेल्फ. निळसर पांढरा, 'चट् चट्' ऐकू येणारा स्पार्क हवा. पिवळा, लालसर, बारीक, कधी पडतो कधी नाही असा स्पार्क म्हणजे स्पार्क नाहीच असं समजा.

याचं कारण अनेकांना माहीत नसतं. मोकळ्या हवेत ०.७ मिलिमीटरची फट ओलांडणं सोपं आहे. तीच फट सिलिंडरमधल्या दाबाखाली ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून बाहेर कसाबसा दिसणारा स्पार्क आत पडतच नाही. फट कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर मिळतो, तो वापरला तर ही शंका उरत नाही आणि हातही सुरक्षित राहतो.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत एचटी वायर उघडी टांगती ठेवून सेल्फ मारू नका. व्होल्टेजला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा मॉड्यूल (कॉइल चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जळतं.

स्पार्क नाही. आता कुठून सुरुवात करू?

मधून. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात मधोमध येणारी कॉइलची जाड वायर काढा आणि तिच्या टोकावर टेस्टर लावून बघा. तिथे चांगला स्पार्क असेल आणि प्लगवर नसेल तर दोष झाकणात, रोटरमध्ये किंवा प्लगच्या वायरींत आहे. तिथेही नसेल तर कॉइलकडे आणि तिच्या अलीकडे जा.

कॉइलच्या अलीकडचं सगळं एका साध्या टेस्ट लॅम्पवर तपासता येतं. लॅम्पचा चिमटा अर्थला लावा. किल्ली ऑन करून कॉइलच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला टोक लावा. दिवा लागला नाही तर कॉइलपर्यंत करंटच येत नाहीये. फ्यूज, इग्निशन स्विच आणि वायरिंग बघा. दिवा लागला तर टोक निगेटिव्ह टर्मिनलवर न्या आणि सेल्फ मारा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

दिवा लुकलुकतोय: पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) उघडझाप करताहेत. कॉइल किंवा कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी कमी करणारा पार्ट) संशयित.

दिवा सतत लागून राहतो: पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटले तरी जळलेले असल्याने करंट जात नाही.

दिवा लागतच नाही: कॉइल आतून तुटली आहे, पॉइंट उघडत नाहीत, किंवा निगेटिव्ह बाजू कुठेतरी अर्थ होतेय. डिस्ट्रिब्युटरच्या आतली ती बारीक कापडी आवरणाची वायर बघा. वर्षानुवर्षं वाकून तिचं आवरण झिजतं आणि ती प्लेटला टेकते.

नवे पॉइंट बसवण्याआधी जुनेच बारीक कानशीने किंवा स्वच्छ पॉलिश पेपरने घासा आणि कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढून भुकटी काढा. पुष्कळ चार सिलिंडर गाड्यांत फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर टेकाड झालं असेल तर कंडेन्सरही बदला. कंडेन्सर हा सगळ्यात लहान पार्ट आहे आणि सगळ्यात शेवटी आठवतो.

पॉइंटऐवजी मॉड्यूल असेल तर त्याचा प्लग काढून पिना बघा, मग पिकअप कॉइलचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या, मॉड्यूलला सिग्नल देणाऱ्या सेन्सरचा) रेझिस्टन्स मॅन्युअलशी ताडून बघा. मॉड्यूल बदलून बघण्याची वेळ त्यानंतरची.

कोरड्या दिवशी एका झटक्यात चालू होते, ओल धरली की नाही. का?

पाणी डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात शिरतंय किंवा एचटी वायरींचं रबर तडकलंय. अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारून बघा. वायरींवर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसल्या तर उत्तर समोरच आहे.

माझ्या गाडीने एका ओल्या हंगामात हाच छळ मांडला होता. मी रोज झाकण पुसायचो, गाडी चालू व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी झाकण काढून खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. आतल्या बाजूला दोन खांबांच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी एक रेघ होती. नखाने खरवडली, जाईना. ती कार्बनची वाट होती. स्पार्कने प्लास्टिक जाळून आपल्यासाठी रस्ता तयार केला होता, आणि थोडी ओल मिळाली की सगळा करंट प्लगकडे न जाता त्या रेघेवरून निघून जायचा. अशी रेघ पुसून जात नाही, झाकणच बदलावं लागतं. रोटर आणि झाकण सोबतच बदला. झाकणाच्या मधली कार्बनची कांडी स्प्रिंगवर हलतेय ना, हेही बघा. ती झिजून पडलेली असली तरी वरून काही कळत नाही.

सेल्फवर इंजिन पेट घेतं, पण किल्ली सोडली की त्याच क्षणी बंद पडतं.

ही खूण फार बोलकी आहे. पॉइंटच्या बऱ्याच गाड्यांत कॉइलच्या आधी एक बॅलास्ट रेझिस्टर असतो, चिनीमातीच्या पांढऱ्या ठोकळ्यासारखा किंवा रेझिस्टन्स वायरीच्या रूपात वायरिंगमध्येच लपलेला. सेल्फ मारताना त्याला वळसा घालून बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज कॉइलला मिळतं. किल्ली सुटली की करंट रेझिस्टरमधून जायला लागतो. रेझिस्टर तुटला असेल तर त्या क्षणी कॉइलचा पुरवठा संपतो. इग्निशन स्विचचा 'ऑन'चा कॉन्टॅक्ट जळला असेल तरी अगदी हेच होतं. किल्ली ऑन ठेवून रेझिस्टरच्या दोन्ही टोकांवर लॅम्प लावा. एकीकडे लागला आणि दुसरीकडे नाही, तर रेझिस्टर गेला.

त्याऐवजी नुसती वायर जोडून गाडी पळवू नका. कॉइल तापून जाते आणि पॉइंट जळतात.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येतंय का, कसं बघू?

इंजिन बंद, किल्ली बंद. एअर फिल्टरचं झाकण काढा, चोकची (हवा अडवणारी) पाती बोटाने उघडी धरा, टॉर्च मारा आणि दुसऱ्या हाताने अॅक्सिलरेटरची दांडी झटकन ओढा. घशात पेट्रोलची बारीक, ठाम चिळकांडी दिसली पाहिजे. दिसली तर कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या कटोरीत पेट्रोल आहे. फक्त सेल्फ मारताना कार्बोरेटरवर तोंड नेऊ नका. उलटा भडका आला तर भुवयांवर भागत नाही.

चिळकांडी नाही? कार्बोरेटरला येणारी नळी काढून तिचं टोक बाटलीत सोडा. स्पार्क पडू नये म्हणून कॉइलच्या पॉझिटिव्ह टर्मिनलची वायर काढून ठेवा. सेल्फ मारल्यावर पेट्रोल ठोके देत जोरात आलं पाहिजे. जोरात आलं तर पंप ठीक, दोष कार्बोरेटरच्या दारातल्या निडल व्हॉल्व्हमध्ये. गाडी खूप दिवस उभी असली की ती निडल चिकटते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कार्बोरेटरच्या अंगावर हलके ठोके दिले की बऱ्याचदा सुटते.

पेट्रोल आलंच नाही तर मागे मागे जा: फिल्टर, पंपाचा डायफ्राम, टाकीकडून येणारी नळी. या शेवटच्या नळीबद्दल थोडं सांगतो, कारण तिथे चांगले चांगले फसतात. पंपाच्या अलीकडची नळी ओढीखाली असते. तिला चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत येते. खाली एक थेंबही दिसत नाही आणि पंप नुसती हवा ओढत राहतो. नळी वाकवून बघा. रबर कडक झालं असेल, बारीक भेगा दिसत असतील तर बदला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या प्रकारच्या रबराला लवकर खातं.

टाकीचं झाकण उघडताना 'फुस्स' करून हवा आत जाते का, तेही बघा. तसं होत असेल आणि झाकण सैल ठेवल्यावर गाडी चालू होत असेल, तर टाकीचा श्वास कोंडला आहे.

इंजेक्शनच्या गाडीत हे कसं तपासायचं?

किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका, मागच्या सीटपाशी कान द्या. दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे. काही जुन्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप सेल्फ फिरतानाच चालतो, तेव्हा तुमच्या गाडीची पद्धत माहीत करून घ्या. आवाज नसेल तर फ्यूज, मग रिले. शेजारी तशाच नंबरचा रिले असेल तर अदलाबदल करून बघणं ही सगळ्यात स्वस्त चाचणी. काही गाड्यांत धडक बसल्यावर पंप बंद करणारा स्विच असतो. मोठ्या खड्ड्यानेही तो उडतो, बटण दाबून परत बसवायचा.

पंप चालतो म्हणजे दाब आहे असं मात्र नाही. दाब मोजणारं गेज लावल्याशिवाय ते कळत नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या बऱ्याच गाड्यांत तो २.५ ते ३.५ बार असतो.

पंपही नाही आणि स्पार्कही नाही, अशी दोन्हींनी एकदम दडी मारली तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. त्याचा सिग्नल नसेल तर इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळत नाही. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडाही थरथरत नसेल तर संशय बळावतो.

पेट्रोलचा वास घमघमतोय, प्लग ओले निघाले. काय करू?

इंजिन ओव्हर झालं आहे, म्हणजे त्यात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल शिरलं आहे. अॅक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून तसाच धरा, वरखाली करू नका, आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारा. कार्बोरेटरच्या गाडीत यामुळे भरपूर हवा जाते, चोक असेल तर आत ढकललेला हवा. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत पेडल पूर्ण दाबलेलं असेल तर कॉम्प्युटर सेल्फच्या वेळी पेट्रोल बंदच ठेवतो. नाही जमलं तर प्लग काढा, पुसा, वाळवा, आणि कॉइल व पंप यांची जोडणी काढून, भोकांपासून लांब उभे राहून थोडा सेल्फ मारा.

गाडी पुन्हा पुन्हा ओव्हर होत असेल तर कार्बोरेटरमध्ये निडल किंवा भोक पडलेला फ्लोट बघा; इंजेक्शनमध्ये कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. तो बिघडला की कॉम्प्युटरला कडाक्याची थंडी आहे असं वाटतं आणि तो पेट्रोल ओतत सुटतो.

सकाळी झटकन चालू होते. गरम असताना थांबवली की अर्धा तास हटून बसते.

इंजिन बंद केल्यावर पाणी आणि पंख्याची हवा थांबते, पण लोखंडात उष्णता असते, म्हणून बॉनेटखालचं तापमान काही मिनिटं वाढतच जातं. पेट्रोलचे हलके घटक ३५ ते ४० अंशांपासून उकळायला लागतात. नळीत, पंपात वाफ धरते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. बॉनेट उघडं टाका, पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा. पंपावर काचेची वाटी असेल तर तिच्यावर गार पाणी नको, तडकेल.

पण गरम गाडीत स्पार्कही तपासा. कॉइल, मॉड्यूल आणि क्रँक सेन्सर हे तिघेही तापल्यावर दगा देतात आणि गार झाल्यावर साळसूद होतात. म्हणून ही चाचणी गाडी अडलेली असतानाच करायची. गार झाल्यावर सगळे आकडे बरोबरच येतील.

गाडी वर्षभर उभी होती.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. त्याचे हलके घटक उडून गेलेले असतात, वास वार्निशसारखा येतो आणि टाकीच्या तळाशी पाणी असतं. फिल्टर बदला, एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलंय का बघा, कुरतडलेल्या वायरी शोधा. पॉइंटवर गंजाचा थर चढलेला असतो, तो घासा. प्लगच्या भोकांतून प्रत्येकी चमचाभर इंजिन ऑइल सोडून इंजिन आधी हाताने फिरवा, मग सेल्फ.

स्पार्क आहे, पेट्रोल आहे, तरी ढिम्म हलत नाही.

मग स्पार्क नेमक्या क्षणी पडतोय का, हे बघा. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल होऊन तो फिरला असेल, बेल्टने दात सोडला असेल. कार्बोरेटरमधून फटाके फुटत असतील किंवा सायलेन्सर फाड्कन वाजत असेल तर टायमिंग किंवा वायरींचा क्रम चुकला आहे असं आधी धरा.

टायमिंगही बरोबर असेल तर कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढा, इग्निशनची जोडणी काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, गेज लावा. साधारण ८ ते १२ बार दिसायला हवं, पण चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असणं आकड्याइतकंच महत्त्वाचं. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर पडले असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे उडालं आहे.

एक गोष्ट घाबरून जाऊ नये म्हणून सांगतो. वारंवार ओव्हर झालेल्या इंजिनात पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तात्पुरतं पडतं. हे इंजिन मेलेलं नाही. चमचाभर ऑइल आणि कोरडे प्लग यांवर ते बऱ्याचदा उठतं.

कालच ट्यूनिंग करून घेतलं आणि आज चालूच होत नाही.

मग काल जिथे हात लागला तिथेच बघा. चार सिलिंडर इंजिनांत वायरींचा क्रम बहुधा १-३-४-२ असतो, काहींत १-२-४-३, आणि रोटर कोणत्या दिशेने फिरतो त्यानुसार तो झाकणावर लावायचा असतो. डिस्ट्रिब्युटर काढून बसवला असेल तर तो अर्धा फेरा उलटा बसला असण्याची शक्यता मोठी. आणि रोटर आत परत घातला आहे ना?

डिझेल गाडीचं काय?

तिथे स्पार्क नाही, त्यामुळे सायलेन्सरचा धूर बघा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेट घेत नाही: हीटर प्लग (सिलिंडर आतून तापवणारे), त्यांचा रिले किंवा कमी कॉम्प्रेशन. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी झाल्यावर लाइनने एअर धरते. हातपंप मारून, एअरचा स्क्रू सैल करून, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत एअर काढा. जुन्या इंजेक्शन पंपावर एक सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) असतो, किल्ली ऑन केल्यावर त्याचा 'टिक्' ऐकू यायला हवा. तो उघडला नाही तर पंपाला डिझेलच मिळत नाही.

स्टार्टिंग स्प्रे मारू का? धक्का देऊ का?

पेट्रोल गाडीत चाचणी म्हणून एअर फिल्टरच्या तोंडाशी एक सेकंद स्प्रे चालेल. इंजिन क्षणभर पेटून बंद पडलं तर स्पार्क आणि कॉम्प्रेशन ठीक आहेत, पेट्रोल कमी पडतंय. हीटर प्लग असलेल्या डिझेलमध्ये कधीही नाही. तापलेल्या प्लगवर स्प्रेमधला ईथर अवेळी भडकतो आणि पिस्टन फुटू शकतो.

धक्का फक्त बॅटरी उतरली असेल तर. सेल्फ नीट फिरत असताना धक्क्याने वेगळं काही मिळत नाही, आणि बेल्टचा संशय असेल तर नुकसानच.

मला नाही जमलं. मेकॅनिकला काय सांगू?

'चालू होत नाही' एवढंच नका सांगू. गार असताना अडते की गरम, अचानक अडली की आठवडाभर कुरकुरत होती, स्पार्क कोणत्या रंगाचा दिसला, पेट्रोल कुठपर्यंत आलं, सेल्फ मारताना बॅटरी किती व्होल्टवर गेली, शेवटचं काम कोणतं झालं, हे कागदावर लिहून द्या. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने एका पुठ्ठ्यात खोचून सोबत न्या, आणि ते पुसू नका.